सेटिंग सापडली नाही, तर प्रोग्रामनं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी तुम्ही हिशेबपट्टी आणि बिलांचं सॉफ्टवेअर बनवता. ते मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीवर बनवलेलं आहे आणि प्रत्येक दुकानात वेगळं इन्स्टॉल केलेलं आहे. नवी आवृत्ती टाकली की कुठल्या तरी दुकानाच्या कॉन्फिग फाइलमध्ये (जिथं सेटिंग्ज लिहिलेल्या असतात) नवी सेटिंग नसते, आणि ऐन लिलावाच्या गर्दीत ‘ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टु ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट’ या एररच्या पाटीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. वरिष्ठ म्हणतात, सगळीकडे डिफॉल्ट (सेटिंग नसेल तर वापरायची ठरलेली किंमत) टाका, प्रोग्राम बंद पडता कामा नये. तुम्हाला ते पटत नाही. शिवाय हेच सॉफ्टवेअर पुढे सर्व्हरवर न्यायचं आहे, तेव्हा काय बदलेल असंही तुम्ही विचारलं आहे.

वरिष्ठांची काळजी खरी आहे. आंबिया बहाराचा संत्रा यायला लागला की दुकानदाराला दहा मिनिटंही थांबायला वेळ नसतो, आणि शेतकरी पट्टी हातात पडल्याशिवाय गावाकडे निघत नाही. पण त्यांचा उपाय सरसकट लावला तर नुकसान थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. बंद पडलेला प्रोग्राम पाच मिनिटांत कळतो. चुकीचा आकडा घेऊन चालणारा प्रोग्राम महिनाअखेर हिशेब जुळेना झाला की कळतो, आणि तोवर तो आकडा शेकडो पट्ट्यांवर छापला गेलेला असतो.

आधी डॉटनेट इथं नेमकं काय करतं ते पाहा, कारण अर्धा घोळ तिथंच आहे. कॉन्फिग फाइल वाचणाऱ्या कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या ॲप सेटिंग्जमधून नसलेली ‘की’ (सेटिंगचं नाव) मागितली तर एरर येत नाही, नल येतो, म्हणजे ‘काहीच नाही’ अशी खूण. त्या नलचं पुढे काय होतं ते तुम्ही कुठलं फंक्शन वापरलं यावर ठरतं. मजकुराचा आकडा करणाऱ्या डेसिमल डॉट पार्सला नल दिला तर तो लगेच एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकतो. तेच काम करणाऱ्या कन्व्हर्ट डॉट टू-डेसिमलला तीच नल स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे मजकूर) दिली तर तो गुपचूप शून्य देतो. पूर्णांक देणारा टू-इंट-थर्टीटूही शून्यच देतो आणि हो-नाही देणारा टू-बूलियन फॉल्स, म्हणजे ‘नाही’, देतो. आता तीच की फाइलमध्ये आहे पण तिची किंमत रिकामी आहे, अशा वेळी कन्व्हर्ट फॉरमॅट एक्सेप्शन फेकतो. म्हणजे ओळच नसली तर शून्य, ओळ असून रिकामी असली तर एरर. एरर न देता जमलं की नाही एवढंच सांगणारा ट्रायपार्स वापरलात आणि त्यानं परत दिलेलं खरं-खोटं तपासलं नाहीत, तर दोन्ही वेळी शून्य. एकाच प्रोग्राममध्ये तीन जणांनी तीन पद्धतींनी सेटिंग वाचली असेल, तर कुठली गैरहजेरी आरडाओरडा करेल आणि कुठली गप्प बसेल याचा कुणालाच अंदाज राहत नाही. तुमच्या व्हॉट्सॲपवर येतात त्या फक्त ओरडणाऱ्या.

गप्प बसणाऱ्याचं उदाहरण तुमच्याच धंद्यातलं घ्या. हमालीचा दर सेटिंगमध्ये आहे असं समजा. तो सापडला नाही, कन्व्हर्टनं शून्य दिला, पट्टी छापली गेली. शेतकऱ्याच्या रकमेतून हमाली कापलीच नाही. त्या क्षणी कुणीही तक्रार करणार नाही, शेतकरी तर नाहीच. संध्याकाळी हमालांचा हिशेब काढताना प्रोग्राम सांगेल की आज हमाली शून्य. हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेले असतील तर मजुरीवरची लेव्हीही त्याच आकड्यावरून निघते, तीही शून्य. मग एकतर अडत्या खिशातून भरतो, नाहीतर पोती वाहणाऱ्या माणसाचे पैसे अडतात. प्रोग्राम दिवसभर सुरळीत चालला, आणि त्याची किंमत त्या दुकानातल्या सगळ्यांत कमी बोलू शकणाऱ्या माणसानं मोजली. म्हणून मला सरसकट डिफॉल्टचा इतका राग आहे.

तेव्हा प्रत्येक सेटिंगसाठी एक प्रश्न विचारा: ही किंमत चुकीची गेली तर कुणाचं काय बिघडेल, आणि ते त्याला कधी कळेल? याचं उत्तर कोड लिहिणाऱ्याकडे नेहमी नसतं. बऱ्याचदा ते मुनीमजींकडे असतं. डिफॉल्ट म्हणजे ग्राहकाच्या वतीनं, त्याला न विचारता घेतलेला निर्णय. तो घेण्याचा आपल्याला हक्क आहे का, हे सेटिंगगणिक ठरवावं लागतं.

पावतीच्या कागदाचा आकार, फाँट, ग्रिडमध्ये किती ओळी दाखवायच्या, डेटाबेसची वाट किती सेकंद पाहायची, यांना बिनदिक्कत डिफॉल्ट द्या. चुकले तर माणसाला लगेच दिसतं आणि तो दुरुस्त करतो. फक्त डिफॉल्ट वापरल्याची ओळ लॉगमध्ये पडू द्या.

पैशांना कधीही डिफॉल्ट नको. हमाली, तोलाई, बाजार फी, अडत, कराचा दर, यांतलं काहीही नसेल तर त्यावर अवलंबून असलेलं काम झालं नाही पाहिजे. खरं सांगायचं तर हे दर सेटिंग म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये असायलाच नकोत. दर तारखेनुसार बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले. ज्यांनी दर कॉन्फिग फाइलमध्ये किंवा कोडमध्ये एकच आकडा म्हणून ठेवला असेल, त्यांना तो बदलल्यानंतर २१ सप्टेंबरचं बिल पुन्हा छापताना जुना दर कुठून आणायचा हा प्रश्न पडणारच. दर डेटाबेसच्या टेबलमध्ये ठेवा, ‘या तारखेपासून लागू’ असा रकाना द्या, आणि पट्टीच्या तारखेला लागू असलेली ओळ सापडली नाही तर पट्टी बनवू नका. कायद्यानं किंवा समितीनं बदलणारी गोष्ट आणि या संगणकापुरती असलेली गोष्ट एकाच फाइलमध्ये ठेवल्यामुळे किती घोटाळे होतात, हे मी अनेक प्रोजेक्टमध्ये पाहिलं आहे.

सुरक्षेच्या सेटिंगला डिफॉल्ट चालतो, पण तो बंद बाजूचा हवा. ‘पासवर्ड विचारायचा का’ ही ओळ सापडली नाही तर विचारायचा. ‘बिल रद्द करायला मालकाची परवानगी लागते का’ सापडली नाही तर लागते. उलट केलं की काय होतं ते जगानं पाहिलं आहे. मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या पासवर्डशिवाय चालायच्या आणि अनेक ठिकाणी थेट इंटरनेटला उघड्या होत्या. जानेवारी २०१७ मध्ये असे हजारो डेटाबेस पुसून मालकांकडे खंडणी मागितली गेली. ३.६ या आवृत्तीपासून तो डीफॉल्टनं फक्त त्याच मशीनवरून आलेली जोडणी घेतो. इथं टू-बूलियनचा फॉल्स पुन्हा आठवा. सेटिंगचं नाव ‘परवानगी हवी’ असं ठेवलंत आणि ती सापडली नाही, तर फॉल्स म्हणजे दार सताड उघडं. नाव ‘परवानगीशिवाय चालेल’ असं ठेवलंत तर तोच फॉल्स दार बंद ठेवतो. बूलियन सेटिंगचं नाव ठरवताना हा विचार जरूर करा.

उरतात खरोखर ऐच्छिक सोयी. शेतकऱ्याला एसएमएस पाठवणं हे त्यातलं. एसएमएसची एकही सेटिंग नसेल तर दुकानदारानं ती सोय घेतलेली नाही, बटण दाखवू नका, एरर देऊ नका. पण एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेचा पत्ता भरला आहे आणि त्याची गुप्त की भरलेली नाही, ही अवस्था वेगळी आहे. कुणीतरी ती सोय सुरू करायला निघालं होतं आणि काम अर्धवट राहिलं. ‘सगळं आहे किंवा काहीच नाही’ एवढंच मान्य करा. अर्धं भरलेलं असेल तर स्पष्ट सांगा. नाहीतर पट्टी झाल्यावर एसएमएस गेला असं दुकानदार समजतो आणि शेतकरी फोनकडे बघत बसतो.

रिकामी किंमत आणि नसलेली किंमत यांत फरक करायचा का? वाचताना करा, पण आवश्यक सेटिंगच्या बाबतीत दोघींना सारखीच वागणूक द्या. नुसत्या स्पेस असलेलीही रिकामीच समजा. रिकाम्या स्ट्रिंगची गंमत करू नये, ती फार महागात पडते. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल काही परिस्थितीत रिकामं राहायचं, आणि त्या फोल्डरमधलं सगळं पुसणारी कमांड संगणकाच्या मूळ फोल्डरपासून पुसायला लागायची. लोकांच्या वैयक्तिक फाइली गेल्या. तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ‘जुने बॅकअप पुसा’ अशी ओळ असेल, तर फोल्डरचं नाव रिकामं आल्यावर ती काय करते ते आजच बघा.

आता हे सगळं केव्हा तपासायचं. सेटिंग लागेल तेव्हा वाचायची, ही सवय मोडा. महिनाअखेरचा अहवाल काढणारी सेटिंग महिनाअखेरीलाच वाचली जात असेल, तर ती नाही हे कळायला महिना लागतो. प्रोग्राम सुरू होताना सगळ्या सेटिंग्ज एकदाच वाचा, प्रकार बदलून घ्या, मर्यादा तपासा, आणि एका क्लासमध्ये ठेवा. बाकीच्या कोडनं फक्त तो क्लास पाहायचा. ॲप सेटिंग्जचा उल्लेख संपूर्ण प्रोजेक्टमध्ये एकाच फाइलमध्ये असला पाहिजे.

आणि पहिल्या चुकीवर थांबू नका. सगळ्या चुका गोळा करून एकत्र दाखवा. एक सेटिंग भरली, प्रोग्राम सुरू केला, दुसरी नाही म्हणाला, ती भरली, तिसरी नाही म्हणाला, हे फोनवर करून घेताना दोन्ही बाजूंचा जीव जातो. कनेक्शन स्ट्रिंगकडे (डेटाबेसला जोडण्याचा मजकूर) खास लक्ष द्या. नावानं मागितलेली कनेक्शन स्ट्रिंग नसेल तर तिथंही नलच येतो, आणि त्या नलवर पुढचा डॉट लावला की तुमची ती फोटोतली पाटी. काही जण नावाऐवजी पहिली मिळेल ती घेतात. ते तर अजिबात नको. विंडोजच्या मशीन कॉन्फिगमध्ये (संपूर्ण संगणकाची सामाईक कॉन्फिग फाइल) बहुधा आधीच एक कनेक्शन स्ट्रिंग असते आणि पहिला नंबर तिचाच लागतो.

एररचा मजकूर कोण वाचणार आहे याचा विचार करून लिहा. दुकानातला ऑपरेटर वाचणार आहे, तुम्ही नाही. म्हणून तो मराठीत हवा. ‘तोल काट्याचा पोर्ट ठरवलेला नाही. सेटिंग मेनूमध्ये काटा या पानावर भरा, उदाहरणार्थ कॉम ३’ एवढं लिहिलं तर निम्मे फोन येणारच नाहीत. फाइलचा पूर्ण पत्ता द्या, कारण एकाच संगणकावर दोन जागी इन्स्टॉल झालेला प्रोग्राम आणि भलतीच फाइल दुरुस्त करणारा माणूस ही जोडी नेहमीची आहे. पासवर्ड किंवा की असलेली सेटिंग असेल तर तिची किंमत पाटीवर आणि लॉगमध्ये कधीच छापू नका. त्या पाटीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरणार आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे.

वरिष्ठांना पटेल असा मधला मार्ग आता सांगतो, आणि माझ्या मते हीच खरी सोय. प्रोग्राम पूर्ण बंद करण्याची गरज फार थोड्या सेटिंग्जना असते. डेटाबेसचा पत्ता नाही तर काहीच करता येत नाही, तिथं थांबा. पण हमालीचा दर नाही म्हणून जुनी पट्टी बघणं, खातं उघडणं, उधारी पाहणं, आवक नोंदवणं हे बंद करायचं कारण नाही. प्रोग्राम सुरू होऊ द्या, वर लाल पट्टा दाखवा, आणि फक्त नवी पट्टी बनवण्याचं बटण अडवा. बटणावर नेलं की कारण दिसू द्या. मालकाच्या लॉगिनला तिथंच दर भरायचं पान उघडू द्या. मालक दर भरतो, पट्टा जातो, काम सुरू. यासाठी प्रत्येक कामाला कुठल्या सेटिंग्ज लागतात याची नोंद कोडमध्ये ठेवावी लागते. थोडं जास्तीचं काम आहे, पण हंगामात त्याचे पैसे वसूल होतात.

नव्या डॉटनेटकडे गेलात तर ऑप्शन्सची पद्धत (सेटिंग्ज एका क्लासमध्ये भरून घेण्याची सोय) वापरा. डॉटनेट ६ पासून ‘व्हॅलिडेट ऑन स्टार्ट’ आहे, त्यानं तपासणी पहिल्या वापराऐवजी सुरुवातीलाच होते. पण एक खड्डा माहीत असू द्या. क्लासमध्ये दर साध्या डेसिमल प्रकाराचा ठेवून त्यावर ‘रिक्वायर्ड’ (किंमत हवीच) अशी खूण लावलीत तर काही उपयोग नाही. सेटिंग नसेल तर तो डेसिमल शून्य राहतो, शून्य म्हणजे नल नव्हे, आणि तपासणी पास होते. प्रकार नलेबल (नल चालणारा) करा, म्हणजे डेसिमलपुढे प्रश्नचिन्ह, मग ‘रिक्वायर्ड’ काम करतं. शून्य हा दर तुमच्या धंद्यात कधीच बरोबर नसेल तर किमान मर्यादाही लावा. हा खड्डा अनुभवी लोकांच्या कोडमध्येही सापडतो, कारण वाचताना सगळं ठीक दिसतं.

सर्व्हरवर गेल्यावर सेटिंग्ज बहुतेक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामला मिळणाऱ्या किंमती) येतील. तिथं सगळं स्ट्रिंग असतं हे विसरू नका. पायथन भाषेत ‘फॉल्स’ या स्ट्रिंगला बूल (हो-नाहीत बदलणारं फंक्शन) लावलंत तर ट्रू, म्हणजे ‘हो’, मिळतं, कारण ती रिकामी नाही. प्रोग्राम कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त डब्यात) चालवणारा डॉकर कंपोज नसलेल्या व्हेरिएबलच्या जागी रिकामी स्ट्रिंग घालतो आणि फक्त एक इशारा देऊन पुढे जातो. तो इशारा कुणी वाचत नाही. व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन, प्रश्नचिन्ह आणि संदेश लिहिला की तो सुरूच होत नाही. शेलमध्येही (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) हीच खूण चालते. अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसची वागणूक मला जास्त आवडते: कॉन्फिगमॅपमधली (त्याच्या सेटिंग्जच्या यादीतली) की नसेल आणि तुम्ही ती ऐच्छिक म्हणून सांगितली नसेल, तर कंटेनर सुरू होत नाही आणि कारण स्पष्ट लिहिलेलं असतं. पायथनमधली वेबसाइट बनवण्याची चौकट असलेला जँगोही तसाच, सीक्रेट की रिकामी असली तर उभा राहायला नकार देतो.

लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीखाली सर्व्हिस चालवणार असाल तर सेटिंग चुकल्यावर बाहेर पडताना ७८ हा कोड द्या. कॉन्फिगरेशनच्या चुकीसाठी तो ठरलेला आहे. आणि या कोडवर पुन्हा सुरू करू नको असं त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये सांगा. नसलेली सेटिंग दहा वेळा सुरू करून येत नाही. चालू सर्व्हिसला नवी सेटिंग वाचायला लावायची असेल तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा कित्ता गिरवा: नवी फाइल चुकीची निघाली तर तो जुन्याच सेटिंगवर काम चालू ठेवतो आणि चूक लॉगमध्ये लिहितो.

टाइमझोन ही सर्व्हरवर सगळ्यांत जास्त विसरली जाणारी सेटिंग. ती दिली नाही तर क्लाउडवरची मशीन बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत चालते, आपल्या साडेपाच तास मागे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. भाजीचा माल पहाटेच उतरतो, त्यामुळे तुमच्याकडे हे रोज घडेल. १ एप्रिलच्या पहाटेची पट्टी ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात आणि मागच्या वर्षाच्या क्रमांकात जाऊन बसेल. ही सेटिंग यंत्रावर सोडू नका, कोडमध्ये आशिया-कोलकाता स्पष्ट मागा.

सुरू होताना प्रत्येक सेटिंग कुठून आली ते लॉगमध्ये लिहा: फाइलमधून, एन्व्हायरन्मेंटमधून, की डिफॉल्ट. गुप्त किंमती झाकून. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ हा वाद त्यानं मिटतो.

मूळ दुखणं मात्र अपडेटचं आहे. जुन्या फाइलवर नवी फाइल टाकली तर दुकानाच्या सेटिंग्ज जातात, नाही टाकली तर नव्या ओळी येत नाहीत. म्हणून दोन फाइली करा. तुमची डिफॉल्टची फाइल प्रोग्रामसोबत येते आणि दर अपडेटला बदलते. दुकानाची फाइल विंडोजच्या प्रोग्रामडेटा फोल्डरात राहते, इन्स्टॉलर तिला हात लावत नाही, फक्त फोल्डरचे अधिकार लावून देतो. वाचताना दुकानाची किंमत वरचढ. प्रोग्राम फाइल्समध्ये ती ठेवू नका, साध्या युजरला तिथं लिहिता येत नाही. आणि जी नवी सेटिंग डिफॉल्टशिवाय हवीच आहे, ती अपडेट झाल्यावर पहिल्यांदा उघडताना पानावर विचारा. अपडेट संध्याकाळी बाजार उठल्यावर टाका, म्हणजे ते पान भरायला मालकाला उसंत मिळेल.

सुरुवात कोडपासून करू नका. आहेत तेवढ्या सेटिंग्जची नावं एका कागदावर उतरवा, पुढे ‘नसेल तर’ असा रिकामा रकाना ठेवा, आणि तुमच्या सगळ्यांत जुन्या ग्राहकाच्या मुनीमजींसोबत बसून तो भरा. वरिष्ठांनाही सोबत न्या. हमालीच्या ओळीवर शून्य लिहू का असं मुनीमजींना त्यांच्यासमोर विचारा.